'बिग जो' रॉबर्ट्स: बस्टर कीटनच्या मूकपटांतला धिप्पाड माणूस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा जो रॉबर्ट्स नेमका कोण?

अमेरिकी विनोदवीर आणि दिग्दर्शक बस्टर कीटनचे दोन-चार मूकपट पाहिले असतील तर हा माणूस तुमच्या नजरेखालून गेलेला आहे. नाव ठाऊक नसेल, एवढंच. कीटनच्या पुढ्यात उभा राहिला की दिवसाउजेडी सावली पडावी असा आडदांड गृहस्थ. कधी पोलीसप्रमुख, कधी नायिकेचा बाप, कधी लोहार, कधी जहाजाचा कप्तान. जोसेफ हेन्री रॉबर्ट्स हे पूर्ण नाव, रंगभूमीवर 'बिग जो'. जन्म २ फेब्रुवारी १८७१चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा. मृत्यू २८ ऑक्टोबर १९२३चा. कीटनबरोबरची पडद्यावरची कारकीर्द १९२० ते १९२३, म्हणजे जेमतेम चार वर्षांची. त्याआधीचं आयुष्य व्होडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या तुकड्यांचे फिरते प्रयोग करणाऱ्या रंगभूमीवर गेलं.

मग इतका अपरिचित कसा राहिला?

पहिलं कारण अगदी साधं आहे: श्रेयनामावली. कीटनच्या बहुतेक लघुपटांच्या सुरुवातीच्या पाट्यांवर चित्रपटाचं नाव, कीटन, सहदिग्दर्शक आणि निर्माता जोसेफ शेंक एवढेच असतात. कोण कोणती भूमिका करतोय याची यादीच नसते. दुसरं कारण, त्याच्या पात्रांना नावं क्वचितच असतात. 'बाप', 'साहेब', 'कप्तान' एवढ्यावर भागतं. तिसरं कारण म्हणजे कीटनचे मोठे, गाजलेले चित्रपट बहुतेक १९२४ पासूनचे आहेत आणि तोवर रॉबर्ट्स हयात नव्हता. ज्यांनी फक्त ते मोठे चित्रपट पाहिले, त्यांना तो भेटतच नाही.

कीटनबरोबर त्याने किती चित्रपट केले?

कीटनने १९२० ते १९२३ या काळात स्वतःचे १९ लघुपट केले. त्यांपैकी १६ मध्ये रॉबर्ट्स आहे. 'द हाय साइन', 'द बोट' आणि 'द बलूनॅटिक' हे तीन सोडले की उरलेले सगळे त्याचे. शिवाय 'थ्री एजेस' आणि 'अवर हॉस्पिटॅलिटी' हे १९२३ चे दोन पूर्ण लांबीचे चित्रपट. एकूण १८. कीटनच्या कुठल्याही नायिकेचा आकडा याच्या जवळपास जात नाही. सिबिल सीली आणि व्हर्जिनिया फॉक्स या दोघी आलटून पालटून येत-जात राहिल्या, रॉबर्ट्स मात्र कायम.

गर्दीत त्याला ओळखायचं कसं?

उंचीवरून. तो ६ फूट ३ इंच होता, म्हणजे साधारण १९० सेंटिमीटर. कीटन ५ फूट ५ इंचांचा, १६५ सेंटिमीटर. दहा इंचांचा फरक आणि त्यावर अंगाचा घेर. कीटनची टोपीही चपटी, त्यामुळे टोपीनेसुद्धा त्याची उंची वाढत नाही. दोघं एका चौकटीत उभे असले तर कीटनचं डोकं रॉबर्ट्सच्या हनुवटीच्याही खाली येतं.

दुसरी खूण चेहऱ्याची. त्या काळच्या विनोदी चित्रपटांतले दांडगे लोक जाड रंगवलेल्या भुवया, खोट्या दाढ्या, वळवलेल्या मिश्या घेऊन येत. रॉबर्ट्स बहुतेक वेळा साधाच असतो. रुंद चेहरा, जड जबडा आणि हळू फिरणारे डोळे. वयही लक्षात घ्या. १९२० साली तो ४९ वर्षांचा होता आणि कीटन २४ चा. त्यामुळे तो शत्रू असला तरी समवयस्क शत्रू वाटत नाही. घरातल्या, गावातल्या किंवा कचेरीतल्या वडीलधाऱ्या माणसाचा धाक त्याच्यात आहे.

कुठल्या चित्रपटात तो काय करतो?

सगळ्याच भूमिकांना सारखं वजन नाही, म्हणून ज्या बघण्यासारख्या आहेत त्यांच्यावर थोडं जास्त.

'वन वीक' (१९२०): पियानो पोहोचवणारा हमाल. काम मोजून एकाच प्रसंगाचं. उभा पियानो खांद्यावर टाकून तो गाठोडं आणावं तसा येतो आणि कीटनच्या हवाली करतो. कीटन पियानोखाली आडवा. खरा उभा पियानो दोनशे किलोंच्या आसपास भरतो, तेव्हा पडद्यावरचा पोकळ असणार हे उघड आहे. पण पोकळ वस्तू जड दाखवण्यापेक्षा जड वस्तू हलकी वाटते असं दाखवणं अवघड. रॉबर्ट्स चालताना वेग बदलत नाही, मान वाकडी करत नाही, धापही टाकत नाही. गंमत तिथेच आहे.

'कन्व्हिक्ट १३' (१९२०): तुरुंगातला बेफाम कैदी. एकेक पहारेकरी समोर येतो आणि आडवा होतो.

'नेबर्स' (१९२०): कुंपणापलीकडच्या मुलीचा बाप. कीटनच्या बापाचं काम इथे त्याच्या खऱ्या वडिलांनी, जो कीटनने, केलंय. दोन 'जो' एकाच चित्रपटात असल्याने नवख्यांचा गोंधळ होतो. सडपातळ आणि लाथा उडवणारा तो जो कीटन.

'द स्केअरक्रो' (१९२०): कीटनचा खोलीतला जोडीदार. याबद्दल पुढे सविस्तर.

'द हाँटेड हाउस' (१९२१): बँकेतला रोखपाल आणि आतून भुतांचं सोंग घेणाऱ्या टोळीचा म्होरक्या.

'हार्ड लक' (१९२१): लिझर्ड लिप ल्यूक नावाचा गुंड. हा त्याच्या मोजक्या नावं असलेल्या भूमिकांपैकी एक. चित्रपट अनेक वर्षं हरवलेला होता.

'द गोट' (१९२१): पोलीसप्रमुख. लघुपटांतलं त्याचं सर्वांत भरीव काम.

'द प्लेहाउस' (१९२१): कीटनला बिछान्यातून उठवून बाहेर काढणारा. घरमालक भाडेकरूला हाकलतोय असं वाटतं आणि मग खोलीच्या भिंती उचलून नेल्या जातात. ती खोली म्हणजे नाटकाचा सेट आणि रॉबर्ट्स रंगमंचाचा व्यवस्थापक.

'द पेलफेस' (१९२२): अमेरिकेतल्या आदिवासी टोळीचा प्रमुख. 'कॉप्स' (१९२२): पोलीस खात्यातला बडा माणूस, ज्याच्या पाकिटापासून सगळी भानगड सुरू होते. 'माय वाइफ्स रिलेशन्स' (१९२२): बायकोच्या दांडग्या भावांपैकी एक. 'द ब्लॅकस्मिथ' (१९२२): नावाप्रमाणे गावचा लोहार, कीटन त्याचा हाताखालचा पोऱ्या. 'द फ्रोझन नॉर्थ' (१९२२): बर्फातल्या प्रवासातला सोबती. 'डे ड्रीम्स' (१९२२) मध्ये काम छोटं आहे. 'द इलेक्ट्रिक हाउस' (१९२२): घराला वीज बसवायला भलत्याच माणसाला नेमणारा श्रीमंत मालक.

'द लव्ह नेस्ट' (१९२३): देवमासे मारणाऱ्या जहाजाचा कप्तान. बारीकशी चूक झाली की खलाशाला समुद्रात फेकायचं, वहीतून नाव खोडायचं आणि मागून पाण्यात पुष्पचक्र टाकायचं. क्रूरपणा इतक्या कारकुनी शिस्तीने केलेला आहे की हसू आवरत नाही.

तो फक्त खलनायकच होता का?

हा समज मोडायचा असेल तर 'द स्केअरक्रो'चं पहिलं रीळ पाहा. एकाच खोलीत राहणारे दोन शेतमजूर, रॉबर्ट्स आणि कीटन. सुरुवातीला रॉबर्ट्सची दाढ दुखते आणि कीटन ती दोरी बांधून दाराच्या झटक्याने काढायच्या मागे लागतो. मग जेवण. मीठ, मिरपूड आणि इतर सटरफटर वस्तू छतापासून दोऱ्यांनी टांगलेल्या आहेत. एकाने सोडली की ती झुलत टेबलापलीकडे दुसऱ्याच्या हातात जाते आणि काम झालं की परत वर. जेवण आटोपलं की टेबलाचा पृष्ठभाग ताटल्यांसकट उचलून धुवायचा आणि भिंतीला अडकवायचा. ग्रामोफोनच्या पोटात शेगडी, पुस्तकांच्या कपाटात बर्फाची पेटी, आंघोळीचं टब उलटवलं की कोच.

हा प्रसंग एकट्या कीटनचा नाही. झुलत येणारी बरणी रॉबर्ट्सने न बघता पकडायची आहे, कारण बघितलं तर 'हे रोजचंच' हा भाव जातो. आणि सोडताना क्षणभर जरी उशीर झाला तरी समोरची दोरी वाटेत आडवी येते. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. वर्षानुवर्षं रंगमंचावर मुरलेल्या लोकांनाच हे जमतं. पुढे शेतकऱ्याच्या मुलीवरून दोघांचं फाटतं, ती गोष्ट निराळी.

त्याच्या अभिनयात नेमकं काय पाहावं?

त्याची सावकाशी. कीटन धावतो, उडी मारतो, पडतो, उठतो. रॉबर्ट्स यातलं फार थोडं करतो. आधी बघतो. मग कळतं. मग वळतो. मग हात उचलतो. चारही पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात, एकमेकींत मिसळत नाहीत. त्यामुळे प्रेक्षकाला कीटनच्या आधी धोका कळतो आणि कीटनला निसटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ रॉबर्ट्स देतो. विनोदी मूकपटात दांडग्या माणसाचं मुख्य काम हेच असतं, वेळ देणं. घाईत असलेला खलनायक नायकाचा विनोद खाऊन टाकतो.

'द गोट'मधला जेवणाचा प्रसंग याचा नमुना. कीटनला मुलगी घरी जेवायला घेऊन येते. तिचा बाप म्हणजे दिवसभर त्याच्यामागे लागलेला पोलीसप्रमुख. दोघं एकमेकांना ओळखतात. रॉबर्ट्स घरच्यांना बाहेर काढतो, दार लावून घेतो आणि दारापुढे उभा राहतो. कीटन टेबलावर चढतो, तिथून रॉबर्ट्सच्या खांद्यावर आणि खांद्यावरून दारावरच्या झरोक्यातून पलीकडे. एका दमात. ही उडी कीटनची म्हणून सांगितली जाते, पण खालचा माणूस गुडघ्यात जरा जरी वाकला असता तर कीटनचं डोकं चौकटीवर आपटलं असतं. उडी मारणाऱ्याला जमीन टणक लागते आणि इथे जमीन म्हणजे रॉबर्ट्सचा खांदा.

त्यानंतर लिफ्टचा पाठलाग आहे. मजला दाखवणारा काटा कीटन हाताने फिरवतो आणि लिफ्ट काट्याचं ऐकते. शेवटी रॉबर्ट्ससकट छत फोडून वर निघते.

सिनेमात येण्याआधी तो काय करत होता?

व्होडव्हिलचे फिरते प्रयोग. पहिली पत्नी लिलियन स्टुअर्ट रॉबर्ट्स हिच्यासह 'रॉबर्ट्स, हेज अँड रॉबर्ट्स' असं तिघांचं पथक होतं. 'द काउबॉय, द स्वेल अँड द लेडी' हा त्यांचा ठरलेला, धांगडधिंग्याचा प्रयोग. व्होडव्हिलमध्ये तोच तुकडा गावोगाव, वर्षानुवर्षं करायचा असतो; त्यामुळे एखादा हशा कुठल्या क्षणी येतो आणि किती टिकतो याचा अंदाज अंगात मुरतो. पडद्यावरच्या त्याच्या सावकाशीचं मूळ इथे शोधावं.

उन्हाळ्यात अमेरिकेतली नाट्यगृहं उकाड्यामुळे बंद असत. त्या काळात मिशिगन राज्यातल्या मस्केगन गावाजवळ ब्लफ्टन इथे, मोठ्या सरोवराच्या काठी, नटांची वसाहत होती. कीटन कुटुंबही तिथलंच. बस्टरचे वडील जो कीटन हे वसाहत उभी करणाऱ्यांपैकी एक. रॉबर्ट्सचंही तिथे घर होतं. म्हणजे बस्टर पोरसवदा असल्यापासून रॉबर्ट्स त्याला ओळखत होता.

कीटनने त्यालाच का बोलावलं?

ओळख हे एक कारण झालंच. पण गणित बघा. १९१७ पासून कीटन विनोदी नट रॉस्को आर्बकलच्या लघुपटांत दुय्यम भूमिका करत होता. तिथे नायकच अगडबंब आणि त्याला छळणारा अल सेंट जॉन काटकुळा. १९२० मध्ये कीटन स्वतः नायक झाला तेव्हा मापं उलटली. नायक बुटका, चपळ, चेहरा न हलवणारा. त्याच्यासमोर दुसरा चपळ माणूस ठेवला असता तर दोघांची शर्यत झाली असती. हवा होता तो न हलणारा माणूस, आणि शिवाय असा की ज्याच्या अंगावर उडी मारली तरी तो सावरून उभा राहील.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. कीटनकडे एडी क्लाइन सहदिग्दर्शक, एल्जिन लेसली छायालेखक आणि फ्रेड गॅबुरी यंत्रं-सेट बांधणारा, असा ठरलेला संच होता. रॉबर्ट्स या संचाचा भाग म्हणून पाहिला तर त्याची जागा कळते. चित्रपटागणिक बदलणारा भाडोत्री नट तो नव्हता.

चॅप्लिनच्या चित्रपटांतला धिप्पाड माणूस हाच का?

नाही. तो एरिक कॅम्पबेल, इंग्रज नट. चॅप्लिनने १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी केलेल्या १२ लघुपटांपैकी ११ मध्ये तो आहे. २० डिसेंबर १९१७ ला मोटार अपघातात गेला. रॉबर्ट्स कीटनकडे आला तो त्याच्या बरंच नंतर.

दोघांची पद्धतही वेगळी. कॅम्पबेल भुवया उंचावतो, दाढी थरथरवतो, राक्षसाचं सोंग पूर्ण ताकदीने वठवतो. रॉबर्ट्स सोंग घेतच नाही. आमचं मत विचाराल तर कॅम्पबेल जास्त लक्षात राहतो आणि रॉबर्ट्स जास्त खरा वाटतो. योगायोग असा की दोघांनी एकाच आवारात काम केलं: हॉलिवूडमधल्या लिलियन वेवरचा चॅप्लिनचा जुना स्टुडिओ पुढे कीटनचा स्टुडिओ झाला.

'द हाय साइन'मधला उंच गुंड रॉबर्ट्सच आहे असं काही ठिकाणी लिहिलेलं दिसतं. खरं आहे का?

चूक आहे. तो टायनी टिम, आणि ती भूमिका इंग्रॅम पिकेटने केली आहे. गोंधळ होण्याचं कारण म्हणजे हा लघुपट १९२० मध्ये सर्वांत आधी तयार झाला, पण कीटनला पसंत न पडल्याने मागे ठेवला आणि १९२१ मध्ये प्रदर्शित झाला. प्रदर्शनाच्या क्रमाने पाहणाऱ्याला आधीच्या चित्रपटांत रॉबर्ट्स दिसलेला असतो, त्यामुळे इथेही तोच असणार असं गृहीत धरलं जातं.

'द ब्लॅकस्मिथ'च्या दोन वेगवेगळ्या प्रती का आहेत?

बरीच वर्षं एकच आवृत्ती ठाऊक होती. २०१३ मध्ये अर्जेंटिनातले चित्रपट-इतिहासकार फर्नांदो पेन्या यांनी सापडलेली दुसरी आवृत्ती पुढे आणली. तिच्यात दुकानाबाहेरची धावपळ जास्त आहे आणि रॉबर्ट्स-कीटन पाठलागही. रॉबर्ट्ससाठी बघायचं तर ही नंतरची आवृत्ती घ्या. जुन्या आवृत्तीत कथा बहुतेक लोहाराच्या दुकानातच फिरते. दुकानावर टांगलेला नालाच्या आकाराचा लोहचुंबक वस्तू खेचून घेतो हा विनोद मात्र चुकवू नका. कुठल्या डिस्कवर कोणती आवृत्ती आहे हे वेष्टनावर तपासल्याशिवाय विकत घेऊ नये.

'अवर हॉस्पिटॅलिटी'मधलं काम इतकं वेगळं का मानतात?

कारण इथे त्याला पहिल्यांदा पूर्ण लांबीचं, नावासकट पात्र मिळालं: जोसेफ कॅनफिल्ड. दोन घराण्यांचं पिढीजात वैर. सुरुवातीच्या गंभीर प्रसंगात कॅनफिल्ड आपल्या भावाला वैर सोडून दे म्हणून समजावतो. भाऊ ऐकत नाही, मारला जातो, आणि मग हाच माणूस सूडाची शपथ घेतो. वीसेक वर्षांनी शत्रूचा मुलगा, म्हणजे कीटन, नकळत त्याच्याच घरी पाहुणा म्हणून येतो. घराच्या छपराखाली पाहुण्याला मारायचं नाही हा नियम. उंबरठा ओलांडला की मारायला हरकत नाही.

सगळा विनोद या नियमावर उभा आहे आणि नियमावर विश्वास बसतो तो रॉबर्ट्समुळे. मुलगे पिस्तुलाला हात घालतात, तो नजरेने थांबवतो. जेवणाआधीच्या प्रार्थनेत सगळे डोके खाली घालून एकमेकांवर डोळा ठेवून असतात, तिथे त्याचा चेहरा बघा. लघुपटांतला धटिंगण इथे घराण्याचा मान सांभाळणारा म्हातारा झालाय, आणि त्याच्याबद्दल कणवही वाटते. शेवटी 'शेजाऱ्यावर प्रेम कर' असं भरतकाम केलेली चौकट भिंतीवर दिसते आणि तो शस्त्र खाली ठेवतो. भाबडा शेवट आहे. रॉबर्ट्सने तो फारसा न रंगवता निभावला.

या चित्रपटाच्या वेळी तो आजारी होता हे खरं का?

हो. १९२३ मधल्या चित्रीकरणादरम्यान त्याला पक्षाघाताचा झटका आला. इस्पितळातून परत येऊन त्याने आपलं काम पुरं केलं. त्यानंतर पुन्हा झटका आला आणि २८ ऑक्टोबरला तो गेला. वय ५२. चित्रपट नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला.

'थ्री एजेस'मध्ये काय बघावं?

अश्मयुग, रोम आणि विसावं शतक, तिन्ही काळांत तो नायिकेचा बाप आहे. अश्मयुगातला भाग सगळ्यांत चांगला: मुलीला मागणी घालणाऱ्यांची परीक्षा तो सोट्याने घेतो. कीटनचा प्रतिस्पर्धी झालेला वॉलेस बीरी फटका खाऊन उभा राहतो, कीटन आडवा होतो. निकाल लागला. बाकीच्या दोन काळांत आईचं चालतं आणि रॉबर्ट्सला काम कमी आहे.

चित्रपट कुठल्या वेगाने पाहावेत?

या प्रश्नावर वाद घालणारे खूप, पण हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). पूर्ण रीळ १,००० फूट, म्हणजे १६,००० चौकटी. सेकंदाला १८ चौकटी धरल्या तर रीळ १४ मिनिटं ४९ सेकंद चालतं. २० ला १३ मिनिटं २० सेकंद. २२ ला १२ मिनिटं ७ सेकंद. २४ ला ११ मिनिटं ७ सेकंद. लघुपटाची दोन रिळं काठोकाठ भरलेली क्वचितच असतात, त्यामुळे प्रत्यक्ष लांबी याहून कमी भरते.

कॅमेरा हाताने फिरवला जायचा. लेसलीचा हात विलक्षण स्थिर होता, तरी वेग प्रसंगाप्रमाणे मुद्दाम बदलला जाई. म्हणून एकच 'खरा' आकडा नसतो. कान आणि डोळा वापरा. रॉबर्ट्स ही त्यासाठी चांगली मोजपट्टी आहे. तो चालताना तुरुतुरु दिसला तर वेग जास्त आहे. त्याचं वजनच नाहीसं होतं आणि त्याच्यासमोर कीटन चपळ वाटत नाही. उलट तो वळताना पाण्याखाली असल्यासारखा भासला तर वेग कमी आहे, आणि मार चुकवण्याचे विनोद मेलेच. चालीत मधूनमधून हिसके बसत असतील तर वेग जुळवण्यासाठी काही चौकटी दोनदा छापल्या आहेत असं समजा. तशी प्रत बदलावी, वेग बदलून ते जात नाही.

टीव्हीवर चित्र भरून दिसावं म्हणून 'झूम' केलं तर?

करू नका. चित्राची मूळ चौकट १.३३ : १ आहे. रुंद पडद्यावर ती ताणून-कापून १६ : ९ केली की वरून-खालून मिळून चित्राचा जवळपास चौथा भाग जातो. मग एकतर रॉबर्ट्सचं डोकं कापलं जातं किंवा कीटनचे पाय. ज्या दहा इंचांच्या फरकावर विनोद बेतलाय तोच दिसत नाही. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. कापण्याऐवजी नुसतं आडवं ताणलं तर रॉबर्ट्स ढोलासारखा दिसतो आणि कीटनही जाडजूड होतो.

आज खटकणारं काही आहे का?

आहे. 'द पेलफेस'मध्ये रॉबर्ट्स गोरा असून अमेरिकेतल्या आदिवासींचा प्रमुख झालाय. चित्रपटाची सहानुभूती जमीन बळकावणाऱ्या तेलवाल्यांकडे नसून टोळीकडे आहे, पण सोंग ते सोंगच. 'नेबर्स' आणि 'द प्लेहाउस'मध्ये काळा रंग फासलेल्या चेहऱ्यांचे विनोद आहेत. मुलांसोबत पाहणार असाल तर आधी दोन वाक्यांत सांगून टाकावं.

कीटनव्यतिरिक्त कुणाबरोबर काम केलं का?

थोडंफार. कॉन्स्टन्स टॅलमॅज नायिका असलेल्या 'द प्रिमिटिव्ह लव्हर' (१९२२) मध्ये तो आहे. हा संबंधही घरचाच म्हणायचा: कॉन्स्टन्स ही कीटनची मेहुणी.

त्याच्यानंतर ती जागा कुणी घेतली?

कायमची कुणीच नाही. पुढच्या चित्रपटांत कीटनचे प्रतिस्पर्धी दरवेळी नवे असतात आणि संकटंही माणसापेक्षा मोठी होत जातात: आगगाडी, जहाज, वादळ, दगडांचा लोंढा. धिप्पाड बापाची आठवण व्हावी असा एकच मोठा प्रसंग येतो, 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मध्ये अर्नेस्ट टॉरेन्सचा. तो नट उत्तम आहे. रॉबर्ट्सचा संथपणा त्याच्यात नाही, तो जास्त धुसफुसतो.

नवख्याने कुठल्या क्रमाने पाहावं?

वर्षांच्या क्रमाने नको. आधी 'द गोट', मग 'द स्केअरक्रो', मग 'द लव्ह नेस्ट'. या तिन्हींत मिळून त्याची तीन रूपं दिसतात आणि सगळं तासाभरात उरकतं. आवडलं तर 'वन वीक' आणि 'कन्व्हिक्ट १३'. 'अवर हॉस्पिटॅलिटी' शेवटी ठेवा. आधीचा दांडगेश्वर पाहिलेला असला तरच तिथला संयम जाणवतो. 'कॉप्स' कीटनचा फार गाजलेला लघुपट आहे, पण रॉबर्ट्ससाठी पाहायला घेतलात तर निराशा होईल, शेकडो पोलिसांत तो हरवून जातो.

आमच्या फिल्म क्लबात किंवा महाविद्यालयात दाखवायचे असतील तर?

मूळ चित्रपटांवर हक्क उरलेला नाही. भारतात १९५७च्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९२३ चा चित्रपट धरला तरी ती मुदत १९८३ अखेर संपली. अमेरिकेतही १९२३ चे चित्रपट १ जानेवारी २०१९ पासून मुक्त आहेत, त्याआधीचे तर पूर्वीच झाले. अडचण असते ती संगीताची. डिस्कवरचं किंवा जालावरचं पार्श्वसंगीत बहुधा अलीकडचं असतं आणि त्याचे हक्क संगीतकाराकडे किंवा कंपनीकडे असतात. आवाज बंद करून गावातलाच कुणी पेटी-तबलावाला किंवा पियानोवाला बसवला तर हा प्रश्न मिटतो. वादकाला चित्रपट किमान दोनदा आधी दाखवा, आणि एक सूचना नक्की द्या: रॉबर्ट्स आला की दरवेळी धडामधूम नको. तो दारात उभा आहे आणि कीटनला अजून पत्ता नाही, अशा ठिकाणी वाजवणं थांबवलं तर हशा मोठा येतो.

पाट्यांचा, म्हणजे दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या लिखित मजकुराचा, फार बाऊ नको. कीटन पाट्या कमीत कमी ठेवायचा. सर्वसाधारण चित्रपटात २४० पाट्या असत तेव्हा आपण जास्तीत जास्त ५६ वापरल्या, असं तो सांगे, आणि तेही पूर्ण लांबीच्या चित्रपटांत. लघुपटाच्या पाट्यांचं मराठी भाषांतर एका कागदावर मावतं. एकाने ते मोठ्याने वाचावं, पाटी पडद्यावर असेपर्यंतच. पुढच्या दृश्यावर वाचन लांबलं तर सुरुवातीचा हशा बुडतो. वाचण्यासाठी चित्रपट थांबवू नये.

प्रोजेक्टर लावल्यावर आधी रॉबर्ट्स आणि कीटन एकत्र उभे असलेलं एखादं दृश्य लावून पाहा. डोकं आणि पाय दोन्ही दिसत असतील आणि चाल माणसासारखी असेल, तर चौकट आणि वेग दोन्ही ठीक आहेत.

या विषयात रस असणारे लोक कुठे भेटतात?

कीटनप्रेमींची आंतरराष्ट्रीय संस्था दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास मस्केगनमध्येच जमते, नटांच्या त्याच जुन्या वसाहतीच्या गावी. चित्रपट दाखवले जातात, अभ्यासक बोलतात. अमेरिकेत, विशेषतः शिकागो किंवा डेट्रॉइटच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींना मोटारीने एका दिवसात जाता येईल इतकं ते जवळ आहे.